सोतो गेल्यानंतर यँकीजने केलेले सौदे कितपत योग्य होते?

तुमचा प्रश्न असा आहे की, २०२४च्या डिसेंबरात बेसबॉलपटू हुआन सोतो त्याच शहरातल्या मेट्स संघाकडे गेल्यावर न्यूयॉर्क यँकीजने जे चार नवे खेळाडू घेतले, त्यांनी त्याची जागा खरोखर भरून काढली का, आणि त्या हिवाळ्याचा हिशेब फायद्यात धरायचा की तोट्यात. मी अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो, यँकीजचे सामने नियमाने पाहतो, आणि त्या महिन्यातल्या प्रत्येक बातमीवर मित्रांशी तासन् तास वाद घातलेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो. माझे मत आधीच सांगतो. सोतो जाण्यात यँकीजची चूक नव्हती आणि एका मोठ्या खेळाडूऐवजी चार जण आणण्याचा बेतही चांगला होता. मात्र त्या चारांपैकी एक सौदा मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

आपल्याकडच्या वाचकांचा पहिला गैरसमज असा होतो की, यँकीजने सोतोला ‘सोडले’. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू फ्री एजंट होतो आणि कोणत्याही संघाशी स्वतः करार करू शकतो. आयपीएलसारखा लिलाव तिथे होत नाही आणि सर्व संघांना सारखीच रक्कम देणारी पर्सही नसते. ज्याला जितके परवडेल तितके त्याने द्यावे, फक्त पगारांच्या ठरावीक मर्यादेपलीकडे लक्झरी टॅक्स भरावा, अशी ती व्यवस्था आहे. सोतोने २०२२मध्ये आपल्या तेव्हाच्या वॉशिंग्टन संघाचा ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला होता, तेव्हाच तो बाजारात उतरणार हे स्पष्ट झाले होते. यँकीजने २०२३च्या डिसेंबरात मायकेल किंगसह पाच खेळाडू सॅन डिएगोला देऊन त्याला आणि ट्रेंट ग्रिशमला घेतले, ते त्याचे शेवटचे एक वर्ष आपल्याला मिळावे म्हणून. ते वर्ष त्यांनी पुरेपूर वसूल केले. सोतोने ४१ होम रन (कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारले, १२९ वॉक (पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चार चेंडू बाहेर टाकल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवले आणि २००९ नंतर प्रथमच संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, नेले.

वर्ल्ड सिरीजचे तिकीट मिळवून देणाऱ्या सामन्याची, १९ ऑक्टोबर २०२४ची क्लीव्हलंडमधली रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. दहावी इनिंग, दोन बाद, दोघे बेसवर, आणि समोर क्लीव्हलंडचा पिचर हंटर गॅडिस. गॅडिस एकामागून एक संथ आणि वळणारे चेंडू टाकत राहिला आणि सोतो ते फाउल करत, म्हणजे रेषेबाहेर मारत, तग धरून राहिला. प्रत्येक चेंडूनंतर तो मान हलवत होता, जणू ‘अजून माझा चेंडू आलेला नाही’ असे गोलंदाजाला सांगत होता. सातवा चेंडू वेगवान आला आणि तो उजवीकडच्या कुंपणापलीकडे गेला. असा फलंदाज पैशाने विकत घेता येतो, पण त्याच्यासारखा दुसरा घडवता येत नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करायला हवा.

त्यानंतर अकराव्या दिवशी वर्ल्ड सिरीजमधला लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धचा पाचवा सामना झाला, आणि माझ्या मते पुढच्या हिवाळ्याची दिशा त्या सामन्याच्या पाचव्या इनिंगने ठरवली. यँकीज ५-० ने पुढे होते आणि त्यांचा पिचर गेरिट कोल याने तोवर एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिलेली नव्हती. मग संघाचा सर्वोत्तम फलंदाज एरन जज याच्या हातून सेंटर फील्डमध्ये (मैदानाच्या मागच्या मधल्या भागात) सोपा झेल सुटला, अँथनी वोल्पीने तिसऱ्या बेसकडे वाईट फेक केली, आणि डॉजर्सच्या मुकी बेट्सने मारलेला चेंडू पहिल्या बेसकडे गेला तेव्हा कोल बेस झाकायला धावलाच नाही. पाचही धावा त्या एका इनिंगमध्ये गेल्या आणि यँकीज सामना ७-६ ने हरले. फलंदाजीत कमी नसलेला तो संघ क्षेत्ररक्षणात आणि पायाच्या चपळतेत उघडा पडला. सोतो राइट फील्डमध्ये खेळत असल्यामुळे जजला वर्षभर आपली राइट फील्डची जागा सोडून सेंटर फील्ड सांभाळावे लागले होते, ही गोष्ट सोतोच्या आकड्यांपुढे झाकली गेली होती.

८ डिसेंबरला सोतोने मेट्सशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. यँकीजचा प्रस्ताव १६ वर्षांसाठी ७६ कोटींचा असल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे यँकीजने हात आखडता घेतला, या आरोपात तथ्य नाही. खेळाडूने दुसरा संघ निवडला, आणि सहा वर्षे वाट पाहून मिळालेला तो त्याचा हक्क होता. २०२५च्या मे महिन्यात तो मेट्सकडून यँकी स्टेडियमवर आला, तेव्हा मैदानभर हुर्यो उठली आणि राइट फील्डमागच्या प्रेक्षकांनी त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली. ते पाहून मला वाईट वाटले. ज्याच्या एका फटक्याने आपण वर्ल्ड सिरीजला पोहोचलो, त्याला असे वागवायला नको होते.

पुढच्या तेरा दिवसांत महाव्यवस्थापक ब्रायन कॅशमन यांनी जे केले ते वेगाच्या दृष्टीने थक्क करणारे होते. दोन दिवसांत डावखुरा पिचर मॅक्स फ्रीड आठ वर्षांसाठी २१ कोटी ८० लाख डॉलरला ठरला, १३ तारखेला मिल्वॉकीकडून रिलीफ पिचर (सामन्याच्या शेवटी येणारा गोलंदाज) डेव्हिन विल्यम्स आला, १७ तारखेला शिकागो कब्जकडून आउटफील्डर (मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) कोडी बेलिंजर आणि २१ तारखेला पहिल्या बेसचा पॉल गोल्डश्मिट. ‘सोतोचे पैसे चौघांत वाटले’ असे सर्रास म्हटले जाते, पण बेरीज केली तर ते खरे ठरत नाही. सोतोचा करार वर्षाला सरासरी ५ कोटी १० लाखांचा आहे, तर फ्रीडचे सरासरी पावणेतीन कोटींच्या आसपास, बेलिंजरचे कब्जने उचललेला वाटा वजा जाता अडीच कोटी, गोल्डश्मिटचे सव्वा कोटी आणि विल्यम्सचे ८६ लाख, असे मिळून एका वर्षाचे सात कोटींच्या वर जातात. शिवाय टॅक्सची सर्वांत वरची पायरी २०२५साठी ३० कोटी १० लाखांवर होती आणि वर्षानुवर्षे मर्यादा ओलांडणाऱ्या यँकीजला त्यावरच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट कर पडत होता. ही काटकसर नव्हती. सोतोवर जाणार होते त्याहून जास्त पैसे त्या एका वर्षासाठी खर्च झाले. फरक इतकाच की, ते पंधरा वर्षे गुंतून पडणार नव्हते.

चौघांपैकी फ्रीडच्या कराराबद्दल मी सर्वांत जास्त बोलेन, कारण तेव्हा त्यालाच सर्वाधिक विरोध झाला. डावखुऱ्या पिचरला तोपर्यंत एवढी एकूण रक्कम कोणी दिलेली नव्हती, आणि २०२३मध्ये कोपराजवळच्या दुखण्याने तो बराच काळ बाहेर बसला होता. माझे मित्र म्हणत की, कोल असताना दुसऱ्या पिचरवर इतका पैसा कशाला, तो बॅटवर खर्च करा. २०२५च्या मार्चमध्ये कोलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा सगळा मोसम गेला; आदल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित लुईस गिल हाही जखमी झाला. त्या वेळी फ्रीड नसता तर मेअखेरीस यँकीजचा मोसम आटोपला असता असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्याने १९ सामने जिंकले, जे त्या वर्षी साऱ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक होते, आणि दर नऊ इनिंगमागे २.८६ धावा दिल्या. पिचरचा हात कधी दगा देईल याची खात्री नसते, म्हणूनच चांगला पिचर असताना दुसरा चांगला पिचर घ्यावा लागतो.

बेलिंजर हा तर त्या हिवाळ्यातला सर्वांत स्वस्त सौदा. कब्जला त्याचा पगार टाळायचा होता, त्यामुळे त्याच्या बदल्यात कोडी पोटीट हा एकच पिचर द्यावा लागला. बेलिंजरने २९ होम रन मारले, तिन्ही आउटफील्डच्या जागा आणि गरज पडली तेव्हा पहिला बेसही सांभाळला, आणि तो व ग्रिशम मिळून सेंटर फील्ड पाहू लागल्यामुळे जज पुन्हा राइट फील्डमध्ये, आपल्या हक्काच्या जागी गेला. गोल्डश्मिटने पहिल्या बेसवर विश्वासाचे हात दिले. त्याची फलंदाजी पुढे ओसरली, पण एका वर्षाच्या करारात तेवढे गृहीत धरावेच लागते. संघाने ८४९ धावा केल्या आणि २७४ होम रन मारले, आणि दोन्ही आकडे त्या वर्षी मेजर लीगमध्ये सर्वाधिक होते.

सोतोची उणीव भासलीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२४मध्ये तो जजच्या पुढे फलंदाजीला येत असे आणि बेसवर जाऊन बसत असे, त्यामुळे जजला टाळणे प्रतिस्पर्ध्यांना अवघड जाई. त्या वर्षी जजला २० वेळा मुद्दाम वॉक दिला गेला. २०२५मध्ये हा आकडा ३६ झाला. धावांच्या बेरजेत हे दिसत नाही, पण अटीतटीच्या आठव्या-नवव्या इनिंगमध्ये सर्वोत्तम फलंदाजाच्या हातातली बॅटच काढून घेतली जाते, तेव्हा ते फार बोचते.

आता त्या न पटलेल्या सौद्याकडे येतो. विल्यम्स हा तेव्हा सर्वोत्तम रिलीफ पिचरांपैकी एक होता, याबद्दल वाद नाही. त्याचा ‘एअरबेंडर’ नावाने ओळखला जाणारा चेंजअप (वेगवान भासणारा संथ चेंडू) भल्याभल्यांना खेळता येत नसे. पण त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते आणि त्या एका वर्षासाठी यँकीजने पिचर नेस्टर कोर्टेससोबत केलेब डर्बिन हा तरुण इन्फिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) देऊन टाकला. सोतोच्या वेळीही एका वर्षासाठीच किंमत मोजली होती, पण सोतो रोज चार-पाच वेळा फलंदाजीला येतो, तर रिलीफ पिचर सबंध मोसमात साठ-पासष्ट इनिंग टाकतो. त्यातून त्याच वेळी दुसऱ्या बेसचा ग्लेबर टोरेस गेल्यामुळे जॅझ चिझमला तिसऱ्या बेसवरून दुसऱ्यावर न्यायचे ठरत होते आणि तिसरा बेस रिकामा पडणार, हे डिसेंबरातच डोळ्यांसमोर होते. इन्फिल्डमध्ये जागा रिकामी असताना अनेक वर्षे स्वस्तात मिळणारा इन्फिल्डर देऊन टाकायला नको होता, एवढेच माझे म्हणणे होते.

पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत असेल. विल्यम्ससाठी म्हणून नव्हे, पण त्याच्या येण्याच्या निमित्ताने यँकीजने जवळपास पन्नास वर्षांचा दाढीबंदीचा नियमसुद्धा शिथिल केला, आणि मला तो निर्णय मनापासून आवडला. मैदानावर मात्र त्याचा एप्रिल भयंकर गेला. २५ एप्रिलला टोरोंटोविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये २-१ अशी आघाडी त्याच्या हाती आली, टोरोंटोच्या आलेहांद्रो कर्कने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला आणि सामना ४-२ ने गेला. दोन दिवसांनी त्याच्याकडून शेवटची इनिंग काढून घेण्यात आली. मोसमाच्या अखेरीस टोरोंटो आणि यँकीज दोघेही ९४-६८ वर बरोबरीत आले आणि आपसातले जास्त सामने जिंकल्यामुळे विभागाचे विजेतेपद टोरोंटोला मिळाले. तो एक सामना यँकीजकडे राहिला असता तर विभागच त्यांचा झाला असता. पुढे ऑक्टोबरात बाद फेरीत त्याच टोरोंटोने त्यांना ३-१ ने बाहेर काढले, ज्यात दुसऱ्या सामन्यात फ्रीडनेही सात धावा दिल्या, हे त्याचे इतके कौतुक केल्यावर सांगणे माझे कर्तव्य आहे.

तिसऱ्या बेसवर मे महिन्यात ओस्वाल्डो काब्रेराचा घोटा मोडला, मग तिथे आळीपाळीने माणसे उभी करून पाहिली, आणि अखेर जुलैत दोन तरुण पिचर देऊन कोलोराडोकडून रायन मॅकमॅहनला आणावे लागले. त्याच काळात डर्बिन मिल्वॉकीसाठी रोज तिसरा बेस खेळत होता, आणि ९७ सामने जिंकून त्या संघाने साऱ्या मेजर लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

म्हणून फ्रीड, बेलिंजर आणि गोल्डश्मिट हे तीन सौदे मी निःसंकोच फायद्यात धरतो आणि विल्यम्सचा तोट्यात. मेट्सकडे सोतोने ४३ होम रन मारूनही त्यांचा संघ ८३-७९ वर थांबला आणि शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून बाद फेरीला मुकला, याचा दाखला देऊन यँकीजचे चाहते आपला हिशेब बरोबर ठरवतात, ते मला मान्य नाही. मेट्सच्या पिचरांची पडझड हा सोतोचा दोष नव्हे. तुम्ही ही चर्चा पुढे नेणार असाल, तर सोतोच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी १३ डिसेंबरचा तो सौदा घ्या आणि त्या दिवशी यँकीजकडे तिसऱ्या बेससाठी कोण होते, हे एकदा नीट पाहा.