कर्नलच्या कोडमध्ये शोधायचं कसं?

प्रश्न : लिनक्स कर्नलचा सोर्स डाउनलोड केलाय, पण एखादं फंक्शन सर्च केलं की ढीगभर फायली येतात, नेमकं कुठे बघू?

उत्तर : आधी साधा ग्रेप (फायलींत शब्द शोधायची कमांड) सोडा आणि 'गिट ग्रेप' वापरा, तो गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) असलेल्याच फायली बघतो त्यामुळे बिल्डचा (कोड कंपाइल करताना तयार होणाऱ्या फायलींचा) कचरा मध्ये येत नाही आणि फास्टही चालतो. फंक्शन लिहिलंय कुठे आणि वापरलंय कुठे हे वेगवेगळं हवं असेल तर बूटलिन कंपनीची एलिक्झर ही कोड चाळायची साइट मस्त आहे, व्हर्जनसुद्धा निवडता येतं. माहितीसाठी 'डॉक्युमेंटेशन' फोल्डर आहेच, पण खूपदा खरी माहिती फंक्शनच्या डोक्यावरच्या कमेंटमध्येच असते, ती आधी वाचा.

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'गिट लॉग' (बदलांची यादी दाखवणारी कमांड) ला मोठा एस (-S) लावून शब्द द्यायचा, मग तो शब्द असलेली ओळ कुठल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली किंवा गेली ते दिसतं, आणि कर्नलवाले कमिट मेसेजमध्ये कारण नीट लिहितात, ते वाचलं की कोड खरंच कळायला लागतो! फक्त क्लोन करताना (गिटने कोड उतरवून घेताना) डेप्थ १ देऊ नका, जुनी हिस्ट्री येणारच नाही. तशी कर्नलच्या या रिपॉझिटरीत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) हिस्ट्री एप्रिल २००५ पासूनचीच आहे, कर्नल गिटवर आला तेव्हापासूनची.