इंजिन काम झालं, आता बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरखाली) तेल टपकतंय. क्रँकच्या मागच्या टोकाचं सीलच गेलंय का?

बहुतेक नाही. आणि खात्री होईपर्यंत गिअरबॉक्सला कुणाला हात लावू देऊ नका.

तुमची गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक, १०६ बीएचपीवाली. रिबोअर (सिलिंडर नव्याने कापणं), नव्या रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, सगळी सीलं नवीन. तरी ८०० किलोमीटरला बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब, आणि गॅरेजवाला म्हणतो, मागचं क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवू. हे वाक्य साताऱ्यात इतक्यांदा कानावर पडलंय की आता राग येतो. थेंब खाली दिसला की खालचंच सील दोषी, आणि वर बघायचं कुणी नावच घेत नाही.

अशीच एक सिटी दोनदा गिअरबॉक्स उतरवून एमआयडीसीत आमच्याकडे आली होती. दोन्ही वेळा सील नवं, दुसऱ्या वेळी वर भिंतीला गिलावा करावा तसं सिलिकॉन. गळती जशीच्या तशी. खरं तर ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या वरच्या सांध्यावर बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं, कारण बोट काळं होत होतं. मागचं सील गळालं तर तेल हाउसिंगच्या आत पडतं, फ्लायव्हील ते आतल्या भिंतीवर गोल उडवतं आणि तळाच्या भोकातून बाहेर येतं. वरचा सांधा कोरडा राहतो. तो ओला आहे म्हणजे तेल वरून येतंय. या इंजिनात वरून म्हणजे मुख्यतः तीन ठिकाणं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागाची) ओ-रिंग आणि त्याच्या शेजारी हेडला बसलेल्या व्हीटेक सोलेनॉइडचं (व्हीटेकला तेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेचं) पॅकिंग. त्या गाडीत तिसरं होतं. जाळीवालं ते छोटं रबर उष्णतेने प्लास्टिकसारखं कडक झालं होतं आणि इंजिन कामात जुनंच परत बसवलं होतं. नवं बसवून बोल्ट १२ न्यूटन-मीटरला आवळले, गळती बंद. पहिल्या गॅरेजवाल्याला अजून वाटतं की त्याचं दुसरं सील 'रनिंगमध्ये बसलं'. रनिंगमध्ये रिंगा बसतात हो, सील कुठलं बसतं?

ही गळती आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) का सापडत नाही तेही समजून घ्या. सोलेनॉइडला ऑइल पंपाचं प्रेशर थेट लागतं. गरम इंजिनला आयडलवर १० पीएसआय असलं तरी चालतं, ३००० आरपीएमला मात्र किमान ५० लागतं. गॅरेजात उभ्या गाडीखाली पुठ्ठा टाकून अर्धा तास बघत बसलात तरी थेंब पडणार नाही. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरात चढवा, कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन परत या, मग बघा.

त्याआधी इंजिन धुणं आलं. थंड इंजिनवर डिग्रीझर, ब्रश, मग पाणी. डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरला पिशवी बांधा. हवेने कोरडं करा, सांध्यांवर ब्रेक क्लीनर मारा. सगळं वाळलं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर फुंकून ठेवा. पहिली ओली रेघ पावडरवर उमटते, आणि तिचं सर्वांत वरचं टोक हीच गळतीची जागा. पावडरने भागलं नाही तर इंजिन ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) घाला, प्रमाण बाटलीवर असतं, आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघा. डायचा दुसरा फायदा असा की गिअरबॉक्सचं इनपुट सील गळत असेल तर ते तेल चमकत नाही. होंडाचं गिअर ऑइल वासाने आणि रंगाने इंजिन ऑइलसारखंच वाटतं, तिथे नाकाचा उपयोग नाही.

दोन फालतू वाटणाऱ्या गोष्टी आधी तपासा. जुन्या ऑइल फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय आणि नवा फिल्टर त्याच्यावरच चढवलाय का? आणि ड्रेन बोल्टचा अ‍ॅल्युमिनियम वॉशर नवा आहे का? तो बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला आवळायचा, लांब पाइप लावून नाही.

आता बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांजवळून इंजिनच्या पोटात शिरणारी हवा. नव्या रिंगा नीट बसेपर्यंत थोडी हवा खाली जाणारच. पण पीसीव्ही व्हॉल्व्ह (ती हवा बाहेर ओढून घेणारी झडप) जुनाच, कार्बनने जाम झालेला असेल, तर ती हवा सीलच्या ओठातून तेल घेऊन बाहेर पडते आणि नवं सील फुकट बदनाम होतं. आयडलवर पीसीव्हीचा पाइप पक्कडीने दाबा, टक् असा आवाज यायला हवा. त्याहून पक्की परीक्षा हवी तर गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. यू आकारात अर्धी पाण्याने भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट लावा. आयडलवर पाणी इंजिनकडे थोडं ओढलं जायला हवं. उलट ढकललं जात असेल तर सीलला हात न लावता आधी ब्रीदर (पीसीव्हीसकट ती हवा बाहेर सोडणारी वाट) साफ करा. ब्रीदर साफ असूनही ढकलत असेल तर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते बघा. ताज्या बोअरला २० टक्क्यांच्या वर गळती दिसली तर दोष रिंगांचा किंवा होनिंगचा, आणि ते परत लेथवाल्याकडे.

सिलिकॉनबद्दल स्पष्टच सांगतो, जास्त लावणारा मिस्त्री मला चालत नाही. दोन-तीन मिलिमीटरची एक सलग रेघ, तीही तेलाचा अंश नसलेल्या पत्र्यावर, आणि पाच मिनिटांच्या आत जोडणी. जास्तीचं आत पिळलं जातं, तुटून चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) पडतं आणि ऑइल पंपाच्या स्ट्रेनरच्या जाळीला बसतं. मग प्रेशर गेलं, की बेअरिंग गेली. चेंबरचा काठ बोल्टपाशी वाकला असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठोकून सपाट करा, सिलिकॉनने पोकळी भरू नका.

हे सगळं साध्या पेट्रोल इंजिनाचं. टर्बो गाडीत तेलाच्या फीड आणि रिटर्न पाइपपासून सुरुवात करायची, तो हिशेब वेगळा. आणि हो, क्वचित मागचं सील खरंच दोषी निघतं, विशेषतः क्रँक ग्राइंडिंगनंतर. सील जिथे घासतं त्या पट्ट्यावर पॉलिशचे तिरके ओरखडे राहिले तर ते स्क्रूसारखं तेल बाहेर ओढतात, मग कितीही महागडं सील लावा. जुन्या सीलने तिथे नखाला अडेल एवढी खाच पाडली असेल तर नवं सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवावं लागतं, नाहीतर त्या खाचेवर स्लीव्ह, म्हणजे धातूचं पातळ कडं, चढवावं लागतं. म्हणून गिअरबॉक्स उतरवायचीच वेळ आली, तर जुनं सील काढल्यावर तुम्हाला बोलवायला सांगा, त्या पट्ट्यावर स्वतः नख फिरवा आणि मगच नवं सील बसवू द्या.