मार्चमध्ये इंग्लंडच्या बागेत जमिनीलगत घोंघावणारी मोठी केसाळ माशी कोणती?

ती बंबलबीची, म्हणजे मधमाशीच्या एका केसाळ भाऊबंदाची, राणी. मागच्या हंगामात मीलन झालेली ही राणी सगळा हिवाळा एकटी मातीखाली निजून काढते आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बाहेर येते. उडण्याआधी पंखांचे स्नायू थरथरवून ती अंग सुमारे ३० अंशांपर्यंत तापवते, म्हणून गारठ्यातही उडू शकते. क्रोकस किंवा विलोच्या फुलांपाशी ऊन चढल्यावर थांबून बघा. जमिनीलगत नागमोडी उडत असेल तर घरट्यासाठी उंदराचं जुनं बीळ वगैरे शोधतेय. मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसले की समजा, जागा मिळाली. कृपया पकडू नका; या दिवसांत एक राणी गेली तर होणारी अख्खी वसाहतच जाते. थकून बसली असेल तर साखरपाण्याचा थेंब पुढ्यात ठेवा, मध मात्र नको.