चालू व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) नेटवर्क कार्ड जोडताना ६० सेकंदांनी एरर येते. ही मर्यादा वाढवता येते का?

हो, ओपनस्टॅक (क्लाउड चालवण्याचं सॉफ्टवेअर) असेल तर नोव्हा एपीआयच्या, म्हणजे व्हीएमबाबतच्या विनंत्या घेणाऱ्या भागाच्या, नोडवर नोव्हा.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये आरपीसी_रिस्पॉन्स_टाइमआउट वाढवा, १८० वगैरे, आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. जोडणीची विनंती कॉम्प्युट नोडकडे, म्हणजे व्हीएम जिथे चालतं त्या मशीनकडे, गेली की एपीआय उत्तर येईपर्यंत अडकून राहतो. ६० सेकंद हा ओस्लो मेसेजिंगचा, म्हणजे ओपनस्टॅकच्या भागांत निरोप पोचवणाऱ्या लायब्ररीचा, डीफॉल्ट. व्हीआयएफ_प्लगिंग_टाइमआउट, म्हणजे ३०० सेकंदांवाला, वेगळा. तो न्यूट्रॉनच्या (ओपनस्टॅकच्या नेटवर्क भागाच्या) इव्हेंटसाठी थांबतो. उगाच त्याला हात लावू नका.

मात्र टाइमआउट झाला म्हणजे कार्ड जोडलंच नाही असं नव्हे. एपीआयने वाट पाहणं सोडलं तरी कॉम्प्युट नोडवर काम चालूच राहू शकतं. त्यामुळे पुन्हा कमांड मारण्याआधी त्या नोडवर व्हर्श डॉमइफलिस्ट (व्हीएमला लागलेली कार्डं दाखवणारी कमांड) बघा, नाहीतर एकाच नेटवर्कची दोन कार्डं लागतील. आकडा वाढवूनही तेच होत असेल तर रॅबिटएमक्यूच्या (निरोप वाहणाऱ्या सर्व्हरच्या) रांगा आणि न्यूट्रॉनचा लॉग तपासा.