‘कॅकिनेट’ म्हणजे नुसतं हसणं नव्हे

प्रश्न असा आला आहे : एका इंग्रजी कथेत ‘कॅकिनेट’ हे क्रियापद दिसलं, ते ‘कॅकल’चंच भारदस्त रूप आहे का, आणि मराठीत त्याला ‘हसणे’ म्हटलं तर चालेल का?

दोन्हीला उत्तर ‘नाही’. ‘कॅकल’ हा मुळात कोंबडीचा कलकलाट. तो जर्मानिक घराण्यातला. ‘कॅकिनेट’ लॅटिनमधून आला. तिथे ‘कखिन्नुस’ म्हणजे मोठ्याने, आवर न घालता हसणं. (स्पेलिंगमध्ये ‘सीएच’ आहे म्हणून ‘कॅचिनेट’ म्हणू नका; भर पहिल्या ‘कॅ’वर.) इंग्रजीत हे क्रियापद एकोणिसाव्या शतकातलं, ‘कॅकिनेशन’ हे नाम त्याच्या बरंच आधीचं.

खरी गंमत त्या ‘कख’मध्ये आहे. लॅटिन शब्दाला व्युत्पत्ती अशी नाहीच, तो हसण्याचा आवाज आहे. प्राचीन ग्रीकमध्येही खो खो हसण्याच्या क्रियापदात हाच ‘कख’ येतो. आणि आपल्याकडे पाणिनीय धातुपाठ उघडा : ‘कख हसने’. असं तिहेरी साम्य दिसलं की मूळ एकच म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो. अनुकरणवाचक शब्दांत असं साम्य नात्याशिवायही येऊ शकतं. घसा सगळ्यांचा सारखाच. आपला ‘खो खो’ काही रोमहून आलेला नाही.

प्राणिशास्त्रज्ञांना मात्र हा शब्द मनापासून आवडलेला दिसतो. हसल्यासारखा ओरडणाऱ्या एका अमेरिकी ससाण्याच्या नावात लिनिअसने 1758 साली ‘कॅकिनान्स’ घातलं. पुढे 1811 मध्ये पालासने एका कुरव पक्ष्याला तेच विशेषण दिलं.

आता मराठी. नाट्यशास्त्रातले हास्याचे सहा प्रकार घेतले, तर स्मित-हसित सोडूनच द्या, हा थेट शेवटचा ‘अतिहसित’, म्हणजे भरतमुनींच्या लेखी अधम पात्रांचा. पण अनुवादात ‘तो अतिहसित करू लागला’ कोण लिहिणार? ‘फिदीफिदी’त चेष्टा आहे, ‘खिदळणं’ पोरकट. माझं मत ‘खदाखदा हसणे’ला. इंग्रजीतला शब्द पुस्तकी आहे, बऱ्याचदा थोडा थट्टेने वापरलेला. मूळ लेखकाचा तसा नखरा असेल तर ‘अट्टहास करणे’सुद्धा शोभेल, फक्त त्यात राक्षस डोकावतो.

‘खळखळून’ मी आधी बाद केला होता, फार निर्मळ वाटला म्हणून. मग कॅटलस आठवला. इ.स.पू. पहिल्या शतकातला हा रोमन कवी दूरच्या प्रवासाहून घरी परततो आणि सरोवराच्या लाटांना सांगतो, घरात असेल नसेल तेवढं हसू हसून घ्या. तिथे त्याने ‘कखिन्नुस’च वापरला आहे. पाण्याचा आणि हसण्याचा आवाज एकाच शब्दात, अगदी आपल्या ‘खळखळ’सारखा.