टॉवेल कोणाच्या हातात?

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला दौलतगंजात राहतो. माझा मुलगा १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपासून बॉक्सिंग करतो, विद्यापीठाकडून खेळतो, वजन ६३ किलो. दिल्लीच्या एका माणसाने त्याला व्यावसायिक बॉक्सर होण्यासाठी करार देऊ केलाय. तीन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी चार लढती, राहणं-खाणं त्यांच्याकडे. पोरगा हट्टाला पेटलाय, कॉलेज सोडतो म्हणतो. वजन वाढेल म्हणून यंदा संक्रांतीला त्याने गजकचा तुकडाही तोंडात घातला नाही. त्याचे बाबा म्हणतात, करू दे सही. मला रात्रीची झोप नाही. काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, ग्वाल्हेरात राहून संक्रांतीला गजक नाकारणारा मुलगा मनापासून खेळतोय, हे आधी धरून चला. त्याच्याशी बोलताना ‘हे खूळ सोड’ म्हणू नका. तिथेच संवाद तुटतो आणि मग तो तुम्हाला न विचारता सही करून येतो.

तो आज खेळतो ते बॉक्सिंग आणि हा माणूस त्याला नेऊ पाहतोय ते बॉक्सिंग, दोन्हींची रिंग सारखीच दिसते, पण धंदा वेगळा आहे. विद्यापीठात तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, त्याच्या वजनाला दहा औंसांचे ग्लोव्ह, आणि समोर कोण येणार ते ड्रॉ, म्हणजे चिठ्ठ्या, ठरवतो. व्यावसायिकात पहिली लढत बहुधा चार राउंडची, मग सहा, आठ, दहा, आणि जगज्जेतेपदासाठी बारा. ग्लोव्ह आठ औंसांचे, म्हणजे गादी पातळ. आत मुठीवर गॉजची पट्टी गुंडाळून वर चिकटपट्टी ओढतात, हात प्लास्टरात घातल्यासारखा टणक होतो. आणि समोर कोण येणार ते माणसं ठरवतात. प्रमोटरला, म्हणजे लढती भरवणाऱ्याला, ज्याला मोठं करायचंय त्याच्यापुढे सोपा गडी येतो. ज्याला फक्त कार्यक्रम भरायला आणलंय, तो कोणाच्या तरी विजयांची संख्या वाढवायला उभा राहतो. तुमचा मुलगा यातला कोण, हे करारात लिहिलेलं नसतं.

विजेंदर सिंगचं नाव घरात निघतच असेल. निघू द्या, पण पूर्ण निघू द्या. २००८ला बीजिंगमध्ये ऑलिंपिकचं कांस्य मिळालं, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. व्यावसायिक झाला २०१५मध्ये, मँचेस्टरला, त्या वेळी वय २९. मधल्या सात वर्षांत देशासाठी खेळला आणि हरयाणा पोलिसांत डीएसपीची नोकरी मिळवली. पाठीशी नाव होतं, पगार होता, म्हणून तो आपल्या अटींवर करार करू शकला. आपला १९ वर्षांचा मुलगा काय घेऊन टेबलावर बसणार? राष्ट्रीय पदक नाही, नोकरी नाही, हातात पदवीसुद्धा नाही. पोलीस, रेल्वे, सैन्य, सगळीकडे खेळाडूंची भरती हौशी स्पर्धांच्या पदकांवर होते. ते दार सोडून जायचं वय हे नव्हे.

पैशाचंही सांगतो, कारण बाबांचं मन तिथे अडकलं असेल. ब्रिटन-अमेरिकेत मॅनेजर मोबदल्याचा चौथा ते तिसरा हिस्सा घेतो, प्रशिक्षक साधारण दहा टक्के. सुरुवातीच्या चार राउंडच्या लढतीचा मोबदला मुळात किरकोळ असतो, त्यातून हे वजा करा. ‘राहणं-खाणं आमचं’ हा खर्चही पुढे मोबदल्यातून कापणार का, हे कागदावर लिहून घ्या.

आता मला खरं सांगायचंय ते. मी सैन्याच्या संघाबरोबर ११ वर्षं कॉर्नरमध्ये उभा होतो, बॉक्सरचा सेकंड म्हणून. म्हणजे स्टूल ठेवणारा, पाणी देणारा, भुवईवरची जखम दाबून धरणारा. बॉक्सिंगमध्ये सगळ्यात मोठा निर्णय या माणसाचा असतो. बॉक्सर स्वतः कधीच ‘बस’ म्हणत नाही. त्याला तसंच घडवलेलं असतं, ते त्याच्याकडून अपेक्षितच नाही. रिंगमध्ये टॉवेल फेकून ‘बस’ म्हणायचं काम कॉर्नरचं.

१ ऑक्टोबर १९७५ला मनिलाजवळ मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांची लढत झाली. चौदा राउंड संपले, शेवटचा एकच राहिला होता. फ्रेझियरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, ठोसा कुठून येतोय ते त्याला दिसत नव्हतं. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने लढत थांबवली. फ्रेझियर स्टुलावरून विनवत होता, अजून तीनच मिनिटं म्हणत होता. फचने ऐकलं नाही. जगज्जेतेपदाची लढत होती ती, ताई, आणि तरी त्या माणसाने मुलगा घरी परत नेला. सात वर्षांनी, नोव्हेंबर १९८२मध्ये, लास वेगासला कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती हळूहळू पंधरावरून बारा राउंडवर आल्या.

आणि एक माझ्या डोळ्यांसमोरचं. माझ्याकडे कंपूच्या मैदानावर शिकलेला एक मुलगा होता, तुमच्या मुलाच्याच वजनाचा. मला विचारून व्यावसायिक झाला, मी हो म्हटलं होतं. तिसरी लढत एका मोठ्या शहरात, लग्नाच्या हॉलमध्ये रिंग लावून. दोन दिवसांत चार किलो उतरवलं होतं त्याने, पाणी बंद करून, जॅकेटवर जॅकेट घालून पळून. ज्याच्याशी लढायचं ठरलं होतं तो आलाच नाही, त्याच दिवशी दुसरा उभा केला, वजनाने भारी. मी पाहुणा, तिसऱ्या रांगेत. तिसऱ्या राउंडला त्याला कानशिलावर हुक, म्हणजे आडवा ठोसा, बसला. पडला, पंचांच्या दहापर्यंतच्या मोजणीत आठला उठला. घंटा झाली तसा चालत गेला आणि समोरच्याच्या कॉर्नरमधल्या स्टुलावर जाऊन बसला. लोक हसले. त्याच्या कॉर्नरच्या माणसाने येऊन दंड धरून त्याला आपल्या बाजूला नेलं, तोंडावर पाणी मारलं, माउथगार्ड पुन्हा दातांत दाबला आणि चौथ्या राउंडला पाठवला. मी ओरडत होतो. कॉर्नरच्या त्या माणसाने मागे वळून बघितलंसुद्धा नाही, त्याला कार्यक्रम पूर्ण करायचा होता. पंचांनीही थांबवलं नाही.

चुकीच्या स्टुलावर बसलेला बॉक्सर म्हणजे मेंदूला मार लागलेला माणूस. तिथे लढत संपते, दवाखाना सुरू होतो. तो मुलगा आज एका दुकानात हिशोब बघतो. बेरीज दोनदा करतो आणि तरी माझ्याकडून तपासून घेतो. घरी आला की त्याला चहा अर्ध्या कपापर्यंतच देतात, हात थरथरतो म्हणून. मी हो म्हटलं होतं, पण कॉर्नरमध्ये कोण असेल हे विचारलं नव्हतं. ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून दिल्लीच्या माणसाला घरी बोलवा. बाबांनाही समोर बसवा. कॉर्नरमध्ये कोण उभा राहणार, त्याचं नाव विचारा आणि त्याने आजवर किती लढती स्वतः थांबवल्यात ते विचारा. एकही नसेल तर चहा देऊन निरोप द्या. प्रतिस्पर्धी ऐन वेळी बदलला तर नकार द्यायचा हक्क मुलाला आहे का, मोबदला न कापता? एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी कोणाच्या खर्चाने, किती महिन्यांनी? हॉलच्या दाराशी रुग्णवाहिका उभी असते का? नॉकआउटनंतर किती दिवस रिंगमध्ये उतरायचं नाही, हे कोण ठरवतं? या माणसाकडच्या बाकी मुलांच्या लढती बॉक्सरेक या संकेतस्थळावर सापडतील. कोणी एकापाठोपाठ एक हरत गेलंय आणि तरी महिन्या-दीड महिन्याने पुन्हा उभं केलंय असं दिसलं, तर पुढचं बोलूच नका.

माझं मत विचाराल तर आत्ता सही नाही. बी.कॉम. पूर्ण करू दे, आंतरविद्यापीठ आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळू दे, नोकरीचा अर्ज भरू दे. २३-२४व्या वर्षीही व्यावसायिक होता येतं, तेव्हा त्याचे खांदे भरलेले असतील आणि करार वाचायची अक्कलही आलेली असेल. त्याला कंपूच्या मैदानावर पाठवा, सकाळी साडेपाचला. त्याचं बॉक्सिंग बघायची मला इच्छा आहे.

प्रश्न : मी १६ वर्षांची, मोरारला राहते. वर्षभर बॉक्सिंग करतेय. हेडगार्ड घातला की डोक्याला काही होत नाही ना?

उत्तर : होतं, बेटा. हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, कान सुजत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हलतोच. २०१३पासून मोठ्या पुरुषांच्या स्पर्धांतून हेडगार्ड काढलाय, मुलींना अजून आहे. तू सरावातही घालच, पण त्याच्या भरवशावर तोंड पुढे करू नकोस. जोराचं स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस पॅड, दोरी, शॅडो (हवेत ठोसे), आणि मानेचे व्यायाम रोज. सरावानंतर डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन होईना झाला, तर त्याच संध्याकाळी आईला सांगायचं आणि डॉक्टर म्हणेपर्यंत ग्लोव्ह घालायचे नाहीत. सर रागावतील म्हणून लपवलंस, तर ते सर बदल.