घरची गरिबी कादंबरीत किती आणावी?

प्रश्न : पहिलीच कादंबरी लिहितोय. आईनं चार घरची धुणीभांडी करून आम्हाला वाढवलं, तेच कथेत उतरतंय. आई म्हणते, ‘आपली लक्तरं वेशीवर कशाला टांगतोस?’ काय करू?

उत्तर : आईचं म्हणणं उडवून लावू नका. त्या कष्टांवर तुमच्याआधी तिचा हक्क आहे. पण लिहिणं थांबवायचं कारण नाही. 1824 साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि 12 वर्षांचं पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवू लागलं. जवळच्या एकदोघांखेरीज त्यानं हे कुणाला कळू दिलं नाही. त्याच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीत मात्र सगळं आलं, वेश पालटून. पॉलिशच्या जागी दारूच्या बाटल्या, नायक पोरका, आणि वडिलांचं कर्ज मिकॉबर नावाच्या वल्लीच्या गळ्यात!

तुम्हीही आईचं काम बदला, घरातली माणसं कमी-जास्त करा. लाज, भूक, हेवा तेवढे खरे ठेवा.

एक तक्रार. नवी हस्तलिखितं वाचताना ‘आम्ही फार गरीब होतो’ हे वाक्य आलं की मी अडखळते. त्यापेक्षा आईच्या बोटांच्या बेचक्यांत साबणानं पडलेल्या भेगा दाखवा. मालकिणीच्या मुलाचा जुना शर्ट तुम्ही शाळेत घातलात आणि तो मुलगा नेमका तुमच्याच वर्गात निघाला, असलं काही आठवतंय का?

आणि कच्चा खर्डा आईला वाचून दाखवा. ती कुठे हसते, ते टिपून ठेवा.